दुकानाने सांगितले ‘खातोय’: बॉल पायथनचे पिल्लू आणि विक्रीनंतरची सेवा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाशिकमधील एका दुकानातून मी बॉल पायथन या अजगराच्या जातीचे ९२ ग्रॅम वजनाचे पिल्लू विकत घेतले. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे बिनसले त्यात माझ्या घाईचाही वाटा होता.

कागदपत्रांच्या बाबतीत दुकानाला पूर्ण गुण द्यावे लागतील. आपल्याकडची धामण किंवा नाग घरात ठेवणे हा गुन्हाच आहे. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील असला, तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि त्याची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. हस्तांतराचे कागद विक्रीच्या दिवशीच हाती आले आणि अर्ज भरताना अडलेल्या दोन रकान्यांबाबत दुकानदाराने फोनवर नीट मार्गदर्शनही केले.

खाण्याविषयी विचारले तेव्हा मात्र उत्तर एकाच शब्दाचे होते: ‘खातोय.’ काय खातो, जिवंत की गोठवलेले, शेवटचे कधी खाल्ले, यांपैकी काहीही मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. सोबत गोठवलेल्या रॅट पपची, म्हणजे मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांची, सहा नगांची पिशवी, एक हीट मॅट (पेटीचा तळ तापवणारी विजेची चटई) आणि प्लॅस्टिकची पेटी असा संच त्यांनी विकला.

पहिल्याच संध्याकाळी मी पिशवीतले एक पिल्लू वितळवून चिमट्याने पुढे धरले. सापाने तोंड फिरवले आणि अंगाचा चेंडू करून त्यात डोके लपवले, ज्यावरून या जातीला हे नाव मिळाले आहे. नव्या जागी आलेल्या सापाला किमान पाच ते सात दिवस हात न लावता, काही न दाखवता राहू द्यावे, हे मला नंतर कळले. दुकानात दुसऱ्यांदा विचारले तेव्हा ‘रोज दाखवत राहा, भूक लागली की खाईल’ असा सल्ला मिळाला, जो नेमका उलटा आहे. रोज समोर नाचवलेल्या भक्ष्याने बुजरे पिल्लू आणखी बुजते. सोसायटीतील एका आजींनी वाटीभर दूध ठेवून पाहण्यास सुचवले. साप दूध पित नाही हे त्यांना पटवणे दुकानदाराशी बोलण्यापेक्षा सोपे गेले.

अकरा दिवसांनी मी तापमापक आणून ठेवला, तेव्हा खरी गोष्ट दिसली. नाशिकच्या थंडीत पहाटे पेटीतील हवा १९ अंशांपर्यंत उतरत होती, तर हीट मॅटवरचा तळ ४३ अंशांवर पोहोचत होता, कारण संचात तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅटच नव्हता. या सापाला पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश लागते. अंग पुरेसे गरम नसेल तर अन्न पचत नाही, आणि तळ अती तापला तर पोट भाजते. थर्मोस्टॅट मी वेगळा आणला, पेटी बाहेरून थर्मोकोलने झाकली, दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसतील अशा लपायच्या जागा ठेवल्या आणि हवा कोरडी असल्याने ओलसर शेवाळाचा डबा आत ठेवला. हे सारे विक्रेत्याने त्या संचातच द्यायला हवे होते.

तरीही पिल्लू खाईना. वजन ८६ ग्रॅमवर आले. दुकानाने ‘आणून द्या, तोंड उघडून भरवून देतो’ असे सुचवले, ते मी नाकारले. सक्तीने भरवणे हा अखेरचा उपाय असून तो पशुवैद्यकानेच करायचा असतो. मी ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी तोंड आणि श्वास तपासून एवढ्या घटीची चिंता करू नका असे सांगितले आणि एकच प्रश्न विचारला: ‘आधी काय खात होते?’

त्याच दुपारी मी दुकानात गेलो. मालक नव्हते, पेट्या साफ करणाऱ्या मुलाने सहज सांगितले की तो स्वतः या पिल्लाला दर सहाव्या दिवशी रात्री छोट्या जातीचा, नुकताच उड्या मारू लागलेला जिवंत उंदीर देत असे. म्हणजे वास वेगळा, हालचाल वेगळी, वेळही वेगळी. जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो, म्हणून मी तीच जात गोठवलेली मागवली, रात्रभर फ्रिजमध्ये वितळवली, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवली आणि डोके ३८ अंशांच्या आसपास असताना रात्री दहा वाजता, दिवे मालवून, लपणाच्या तोंडाशी हलकेच हलवली. बॉल पायथनच्या वरच्या ओठावरील खाचांना उष्णता जाणवते, त्यामुळे थंड भक्ष्य त्याच्या लेखी भक्ष्यच नसते. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि झडप घातली. घरी आणल्यापासूनचा तो सव्विसावा दिवस होता.

प्राण्याची प्रकृती आणि कागदपत्रे यांसाठी पाचपैकी चार, संचाला दोन आणि सल्ल्याला एक. त्या मुलाला मात्र पाच. त्याच्या वहीत प्रत्येक सापाची तारीखवार नोंद होती. गिऱ्हाइकाला तिची एक प्रत द्यायची, एवढे कोणाला सुचले नव्हते. रॅट पपच्या पिशवीतील उरलेले पाच नग अजून फ्रीझरमध्ये आहेत, आणि दुकान ते परत घेत नाही.