आरक्लोन: सहा ठिकाणच्या फायली एका डिस्कवर आणताना आलेला आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या कामाच्या फायली सहा ठिकाणी विखुरलेल्या होत्या: गूगल ड्राइव्हची दोन खाती, एक वनड्राइव्ह, एक ड्रॉपबॉक्स, एस-थ्री पद्धतीची एक बकेट (ॲमेझॉनच्या पद्धतीचा क्लाउडवरील साठवणुकीचा कप्पा) आणि एक जुना एफटीपी सर्व्हर. त्या सगळ्या माझ्या लिनक्स यंत्राच्या एका डिस्कवर याव्यात आणि पुढे नवीन फायली रोज रात्री आपोआप तिथे जमा होत राहाव्यात, एवढीच माझी गरज होती. त्यासाठी मी आरक्लोन निवडले. निक क्रेग-वुड यांनी २०१२ मध्ये लिहायला घेतलेले, गो भाषेतले आणि एमआयटी परवान्याखाली मोफत मिळणारे हे साधन ७० हून अधिक प्रकारच्या साठवणुकींशी बोलू शकते. ते टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, चालते आणि एकाच एक्झिक्युटेबल फाइलमध्ये मावते. सहाही ठिकाणांची जोडणी एका संध्याकाळी झाली. मात्र ‘ही फाइल आपल्याकडे आधीच आहे का’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळे ठरवावे लागते, हे नीट उमगायला दोन महिने गेले, आणि या लेखाचा मोठा भाग त्याविषयीच आहे.

जोडणीचे काम ‘कॉन्फिग’ या आज्ञेने होते. ती एकामागून एक प्रश्न विचारते, आपण उत्तरे द्यायची, आणि शेवटी त्या ठिकाणाचे एक ‘रिमोट’ तयार होते. पुढे सगळीकडे त्या रिमोटचे नाव आणि त्यापुढे अपूर्णविराम (:) लिहिला की त्या साठवणुकीचा पत्ता झाला. बहुतेक प्रश्नांना मूळ उत्तर ठेवून पुढे जाता येते, परंतु गूगल ड्राइव्हच्या बाबतीत दोन ठिकाणी थांबणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे परवानगीची व्याप्ती. आपल्याला फायली फक्त आणायच्या असतील, तर पूर्ण परवानगी न देता केवळ वाचण्याची परवानगी निवडावी. दुसरे म्हणजे क्लायंट आयडी, म्हणजे विनंती कोणत्या साधनाकडून आली हे गूगलला सांगणारी ओळख. तो रिकामा ठेवला तर आरक्लोनचा सामायिक आयडी वापरला जातो. तो जगभरातील वापरकर्त्यांमध्ये वाटलेला असल्यामुळे विनंत्यांची मर्यादा लवकर आड येते. स्वतःचा आयडी गूगलच्या विकासकांसाठीच्या पानावर तयार करता येतो. मात्र तो प्रकल्प ‘चाचणी’ अवस्थेत सोडून दिला, तर मिळालेले टोकन (लॉगिननंतर पासवर्डऐवजी वापरली जाणारी किल्ली) ७ दिवसांनी निकामी होते. माझी आयात पहिल्या आठवड्यानंतर गपचूप बंद पडली ती याच कारणाने, आणि मी दोन दिवस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसलो.

ज्या यंत्रावर ब्राउझर नाही तिथे लॉगिन कसे करायचे, हा प्रश्न अनेकांना अडवतो. त्यावर ‘ऑथराइझ’ नावाची आज्ञा आहे. ती ब्राउझर असलेल्या दुसऱ्या संगणकावर चालवायची, तिथे लॉगिन करायचे आणि मिळालेला मजकूर मूळ यंत्रावर चिकटवायचा. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. कॉन्फिगच्या फाइलमध्ये पासवर्ड वाचता येणार नाहीत अशा रूपात दिसतात, पण ते कूटबद्ध नसतात. फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला ते सहज उलगडता येतात, आणि टोकन तर तिथे उघडेच असतात. संपूर्ण कॉन्फिगला पासवर्ड लावण्याची सोय ‘कॉन्फिग’च्या मेनूतच आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

आता माझ्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. आरक्लोनमध्ये ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘कॉपी’ फक्त भर घालते. ‘सिंक’ मात्र मुक्कामाची जागा हुबेहूब उगमासारखी करते, म्हणजेच उगमात नसलेले तिथून पुसून टाकते. दोन्ही ड्राइव्ह खात्यांतील कागदपत्रे एकाच फोल्डरात यावीत म्हणून मी दोन आज्ञा एकापाठोपाठ लिहिल्या आणि दोन्हींत ‘सिंक’ वापरले. पहिल्या खात्याच्या फायली उतरल्या. मग दुसऱ्या आज्ञेने त्या खात्यात नसलेल्या, म्हणजे पहिल्या खात्यातून नुकत्याच आलेल्या, सगळ्या फायली पुसल्या आणि आपल्या आणून ठेवल्या. साधनाने सांगितलेले काम चोख केले होते. सांगणारा चुकला होता. ‘सिंक’ फक्त मुक्कामाची जागा बदलते, त्यामुळे मूळ खात्यांना धक्का लागला नाही आणि नुकसान एका रात्रीच्या डाउनलोडवर निभावले. ‘ड्राय-रन’ हा पर्याय जोडला असता, तर काय पुसले जाणार आहे याची यादी आधीच डोळ्यांसमोर आली असती. तेव्हापासून प्रत्येक रिमोटसाठी डिस्कवर स्वतंत्र फोल्डर आहे, आयातीसाठी मी केवळ ‘कॉपी’ वापरतो, आणि त्यासोबत ‘बॅकअप-डिर’ हा पर्याय देतो, जेणेकरून नव्या आवृत्तीमुळे बदलली जाणारी जुनी फाइल नाहीशी न होता तारखेच्या फोल्डरात जाऊन बसते.

मूळ प्रश्न फाइल ओळखण्याचा आहे. काही वेगळे सांगितले नाही तर आरक्लोन फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहते. दोन्ही जुळले तर फाइल सोडून देते. आकार तोच आणि वेळ वेगळी असेल, तर दोन्ही बाजूंना समान प्रकारचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, तिची ओळख पटवणारी छोटी खूण) उपलब्ध असल्यास तो ताडून पाहते, आणि तोही जुळला तर फाइल पुन्हा न उतरवता फक्त वेळ दुरुस्त करते. ही पद्धत सूज्ञ आहे, परंतु ती साठवणूक काय सांगू शकते यावर अवलंबून आहे, आणि तिथेच प्रत्येक ठिकाणाची तऱ्हा निराळी आहे. गूगल ड्राइव्ह एमडी-फाइव्ह नावाचा हॅश देते. वनड्राइव्ह क्विक-एक्सओआर नावाचा स्वतःचा हॅश देते. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करून प्रत्येकाचा शा-२५६ हा हॅश काढते आणि त्या सगळ्यांचा मिळून पुन्हा एक शा-२५६ काढते. आपल्या डिस्कवरील फाइलसाठी आरक्लोन यांपैकी कोणताही हॅश स्वतः मोजू शकते, म्हणून क्लाउडवरून डिस्कवर आणताना जुळणी पक्की होते. मात्र ड्रॉपबॉक्सवरून थेट वनड्राइव्हवर फायली न्यायच्या झाल्यास दोघांत समान हॅशच नसतो, आणि मग पडताळणी आकारावर येऊन थांबते. मधला मुक्काम स्वतःच्या डिस्कवर ठेवण्याचा माझा निर्णय सुरुवातीला निव्वळ सोयीचा होता. आज मला तो तांत्रिक दृष्ट्याही योग्य वाटतो.

एस-थ्री पद्धतीच्या बकेटची गोष्ट याहून नाजूक आहे. तिथे फाइलच्या बदलाची वेळ म्हणून जी मिळते ती खरे तर चढवल्याची वेळ असते. आरक्लोनने स्वतः चढवलेल्या फाइलची मूळ वेळ ते मेटाडेटामध्ये, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीत, नोंदवून ठेवते, पण ती वाचायला प्रत्येक फाइलमागे एक वेगळी विनंती करावी लागते, आणि हजारो लहान फायली असल्या की नुसती तपासणीच रेंगाळते. ‘चेकसम’ हा पर्याय दिल्यावर वेळेऐवजी हॅश पाहिला जातो आणि हे काम पुष्कळ हलके होते. त्यातही एक मेख आहे. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवलेली असेल, तर तिचा ई-टॅग (बकेट फाइलसोबत देते ती खूण) हा फाइलचा एमडी-फाइव्ह राहत नाही. माझ्या बकेटमधील जुन्या चित्रफिती दुसऱ्याच साधनाने चढवलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यासाठी आकार एवढाच पुरावा उरला. एकदा चढवल्यावर न बदलणाऱ्या चित्रफितींना तो पुरतो. हिशेबाच्या तक्त्यांना पुरला नसता.

गूगल डॉक्स आणि शीट्स यांना तर डाउनलोड करण्याजोगा आकारच नसतो. यादीत तो उणे एक दिसतो. आणताना आरक्लोन त्यांचे डॉकेक्स, एक्सएलएसएक्स अशा स्वरूपांत रूपांतर मागवते, आणि अशा रूपांतरासाठी गूगलची मर्यादा १० एमबी आहे. चित्रांनी भरलेले अहवाल त्यामुळे अडकतात आणि हाताने उतरवावे लागतात. ड्राइव्हचा आणखी एक गुण असा की तिथे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात. डिस्कवर ते शक्य नसल्याने आरक्लोन त्यांपैकी एकच आणते आणि लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जाते. ती ओळ वाचली नाही तर दुसरी फाइल राहून गेल्याचे कळतही नाही. ‘डीड्यूप’ ही आज्ञा यासाठीच आहे, पण नावे बदलायला लिहिण्याची परवानगी लागते, जी मी जाणूनबुजून दिलेली नाही. म्हणून मी तिचा केवळ यादी देणारा प्रकार चालवतो आणि नावे ब्राउझरमधून बदलतो. थोडा जाच आहे, पण परवानगी वाढवण्यापेक्षा तो मला परवडतो.

कोणत्या फायली घ्यायच्या आणि कोणत्या वगळायच्या हे ठरवणारे गाळण्यांचे नियम एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवता येतात. ते वरून खाली वाचले जातात आणि जो नियम आधी जुळेल तो लागू होतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मला नडले ते लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचे. नियमात मी छायाचित्रांचे एक्स्टेन्शन लहान रोमन अक्षरांत लिहिले होते आणि एका कॅमेऱ्याने सगळी नावे मोठ्या अक्षरांत दिली होती. परिणामी त्या कॅमेऱ्याचे एकही छायाचित्र आले नाही आणि कुठे चूकही नोंदली गेली नाही. ‘इग्नोर-केस’ हा पर्याय त्यानंतर माझ्या प्रत्येक आज्ञेत आहे.

मराठीत फायलींना नावे देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी विस्ताराने सांगायला हव्यात. लिनक्सवरील नेहमीच्या एक्स्ट-फोर फाइल सिस्टिममध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि युटीएफ-एट पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘व्यवस्थापन’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात, पण त्यात दहा चिन्हे असतात आणि ती ३० बाइट व्यापतात. म्हणजे ८५ चिन्हांनंतर नाव संपते, आणि त्यात एक्स्टेन्शनही धरलेले असते. क्लाउडवर मात्र याहून लांब नावे खुशाल चालतात. आमच्याकडे बैठकींच्या इतिवृत्तांना विषय, दिनांक आणि समितीचे पूर्ण नाव देण्याची पद्धत असल्यामुळे अशा बऱ्याच फायली ‘नाव फार लांब’ या कारणाने नाकारल्या गेल्या. नावे मुळातच आखूड केल्याशिवाय यावर उपाय सापडला नाही.

दुसरी गोष्ट ‘दुसऱ्या’ अशा नावांतल्या अर्ध्या र ची. युनिकोडमध्ये हा ऱ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅक यंत्रांवर जतन झालेल्या नावांत दुसरे रूप आढळते. आरक्लोन तुलना करताना ही दोन रूपे एकच मानते, म्हणून आयातीत फाइल दोनदा येत नाही. त्याच फोल्डरवर मी लिहिलेली एक छोटी तपासणी मात्र ‘दुसऱ्या’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक फाइलला गहाळ ठरवत होती. साधनाची ही बारकाई मला मनापासून आवडली.

गूगल फोटोजसाठी या मार्गाने येऊ नये. ३१ मार्च २०२५ नंतर गूगलने परवानग्या बदलल्यामुळे बाहेरच्या साधनाला केवळ त्याने स्वतः चढवलेली छायाचित्रेच दिसतात. टेकआउट या गूगलच्या स्वतःच्या सोयीतून सगळा संग्रह उतरवून घेणे हाच सरळ रस्ता आहे.

वेगाबद्दल तक्रार नाही. एका वेळी ४ फायली आणणे आणि ८ तपासण्या चालवणे हे मूळ आकडे मी बदललेले नाहीत. दिवसा चालवायची वेळ आली तर वेगावर मर्यादा घालणाऱ्या ‘बीडब्ल्यू-लिमिट’ला वेळापत्रक देता येते, इतकेच. रात्रीचे काम क्रॉन (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय) करते आणि लॉग सकाळी माझ्या डोळ्यांखालून जातो. वनड्राइव्हचे टोकन ९० दिवस वापरले नाही तर मरते, त्यामुळे क्वचित उघडल्या जाणाऱ्या खात्यालाही रोजच्या यादीत ठेवलेले बरे. टर्मिनलची धास्ती असणाऱ्यांना मी हे साधन सुचवणार नाही. ज्याला लॉग वाचण्याचा कंटाळा आहे त्यालाही नाही, कारण जे आले नाही त्याची खबर फक्त तिथेच मिळते.

एफटीपी सर्व्हर मात्र अजून पूर्णपणे ताब्यात आलेला नाही. तो हॅश देत नाही आणि त्याने दिलेल्या वेळेवर विसंबता येत नाही, म्हणून रोजची आयात ‘साइझ-ओन्ली’ने, म्हणजे केवळ आकार पाहून होते. एखाद्या तक्त्यात ४५ चे ५४ झाले तर आकार तोच राहतो आणि सुधारलेली फाइल येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मी ‘चेक’ ही आज्ञा ‘डाउनलोड’ या पर्यायासह चालवतो. ती दोन्हीकडच्या फायली बाइटगणिक ताडते आणि वेगळ्या निघालेल्या नावांची यादी एका फाइलमध्ये लिहिते. तीच यादी मी ‘कॉपी’ला देतो आणि वेळ व आकार न पाहता तेवढ्याच फायली पुन्हा आणायला सांगतो. गेल्या खेपेला त्या यादीत तीन नावे होती, आणि तिन्ही तक्तेच होते.