हुकूमशहा लोकांच्या वतीने बोलतो का? नौपाड्यातला अभ्यासवर्ग कसा आहे

ठाण्यात व्याख्यानांची वाण नाही, पण कागद हातात देऊन विचार करायला लावणारे वर्ग मोजकेच. नौपाड्यात चार शनिवारी संध्याकाळी होणारा हा वर्ग त्यांतला एक. सत्र दोन तासांचं, जागा तीसेक जणांची, शुल्क टिपणांसह ८०० रुपये. विषय एकच: ज्याला लोक खाली उतरवू शकत नाहीत, तो शासक ‘माझ्या जनतेचं म्हणणं असं आहे’ असं सांगतो, तेव्हा ते मानायचं का?

पहिलं सत्र व्याख्यांत जातं, ते चुकलं तरी फार बिघडत नाही. दुसरं मात्र चुकवू नका. सुरुवातीलाच १० एप्रिल १९३८ च्या जर्मन मतपत्रिकेची प्रत वाटतात. मधोमध ‘हो’साठी मोठं वर्तुळ, बाजूला ‘नाही’साठी लहान. सगळ्यांची नजर वर्तुळांवर अडकते, पण खरी मेख वरच्या प्रश्नात आहे. ऑस्ट्रियाचं विलीनीकरण मान्य आहे का आणि हिटलरच्या यादीला मत देता का, या दोन प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्यायचं होतं. विलीनीकरण हवं पण हिटलर नको, असं वाटणाऱ्याने खूण कुठे करायची? ९९ टक्क्यांहून जास्त ‘हो’ आलं ते असल्या कागदावर. मग इराक, १५ ऑक्टोबर २००२: उमेदवार एकच, सद्दाम हुसेन, मतदार १,१४,४५,६३८, आणि सरकारने जाहीर केलेला निकाल असा की सगळ्यांनी मतदान केलं आणि सगळे ‘हो’ म्हणाले. एवढ्या मोठ्या यादीत त्या दिवशी आजारी, परगावी गेलेला किंवा नुकताच वारलेला एकही माणूस नसावा? असा आकडा मतदान कसं झालं ते सांगतो, लोकांच्या मनात काय होतं ते सांगत नाही.

वर्गात प्रत्येक निकालाला पाच प्रश्न लावायला शिकवतात: मतदारयादी होती का, मत गुप्त होतं का, ‘नाही’चा प्रचार करता आला का, मोजणी विरोधकांसमोर झाली का, आणि ‘नाही’ जिंकलं असतं तर शासक गेला असता का. शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात.

ही पाच प्रश्नांची पट्टी चिलीला लावतात, ते या वर्गातलं सर्वांत कसदार काम. ११ सप्टेंबर १९८० ला तिथला लष्करी हुकूमशहा पिनोशे याच्या संविधानाला सुमारे ६७ टक्के मान्यता मिळाली. तेव्हा मतदारयाद्या नव्हत्या आणि कोऱ्या मतपत्रिका ‘हो’मध्ये धरल्या जात होत्या. ५ ऑक्टोबर १९८८ ला त्याच माणसाने आणखी आठ वर्षं राहावं का, असा प्रश्न होता. या वेळी याद्या नव्याने झाल्या होत्या, ‘नाही’वाल्यांना टीव्हीवर रोज रात्री १५ मिनिटं मिळाली आणि विरोधकांनी केंद्राकेंद्रावरून आकडे गोळा करून स्वतःची समांतर मोजणी केली. सुमारे ५६ टक्के ‘नाही’. मधल्या आठ वर्षांत काहींची मतं बदललीही असतील. पण ‘नाही’ ऐकू येण्याची सोय झाल्यावरच ते कळलं, आणि ही सोय होईपर्यंत ‘चिली माझ्या बाजूने आहे’ म्हणायला पिनोशेकडे खरा आधार नव्हता.

तिसऱ्या सत्राच्या टिपणात गफलत आहे. सहीचा अधिकार आणि लोकांचा आवाज या दोन गोष्टी तिथे एकाच रकान्यात टाकल्या आहेत. १९६९ च्या व्हिएन्ना करारानुसार राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री यांना तह करताना वेगळं अधिकारपत्र दाखवावं लागत नाही. ते कसे निवडून आले, हे कलम विचारत नाही. त्यामुळे हुकूमशहाची सही देशाला बांधते. पण जानेवारी १९७९ मध्ये राजधानी नॉम पेन्ह हातची गेल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा पोल पॉटच्या राजवटीकडेच राहिली. तिच्या हातून मेलेल्या लाखोंचा तो आवाज होता असं कोण म्हणेल? पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान याचंही तेच. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानच्या १६२ जागांपैकी १६० तिथल्या अवामी लीग पक्षाला गेल्या होत्या, तरी १९७१ भर जगापुढे पूर्व पाकिस्तानच्या नावाने बोलत होतं त्याचंच सरकार. हे उदाहरण टिपणात नाही. घालायलाच हवं.

चौथ्या सत्रात आणीबाणी अर्ध्या तासात उरकतात, ही सर्वांत मोठी उणीव. १९७७ चा निकाल ‘जनतेने हुकूमशाही झिडकारली’ एवढ्या एका वाक्यात बसत नाही. उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी शून्य, आंध्रात ४२ पैकी ४१, महाराष्ट्रात ४८ पैकी २०. सेन्सॉरखालच्या वृत्तपत्रांत सगळा देश एका सुरात बोलताना दिसत होता. पेट्या उघडल्यावर प्रत्येक राज्याचा सूर वेगळा निघाला. ‘लोकांच्या वतीने’ या शब्दांतली खरी अडचण इथे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि वर्ग नेमका इथेच घाई करतो.

प्रश्नांना मात्र पुरेसा वेळ देतात, विरोधी मत नीट ऐकून घेतात. गोखले रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं कठीण, त्यामुळे स्टेशनच्या पश्चिमेकडून चालत गेलेलं बरं. टिपणांची छपाई बारीक आहे, चष्मा विसरू नका. आणि चौथ्या शनिवारी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे १९७७ चे राज्यवार निकाल छापून घेऊन जा, म्हणजे तो अर्धा तास तरी सत्कारणी लागेल.