ऊन की पाऊस? पेलिपर आणि टॉर्कोल यांच्यात निवड करताना

पोकेमॉनच्या डबल्समध्ये (दोन्ही बाजूंचे दोन-दोन गडी एकदम मैदानात) हवामानाची टीम बांधायची ठरवली की प्रश्न शेवटी दोघांवर येऊन थांबतो: पाऊस आणणारा पेलिपर घ्यायचा की ऊन आणणारा टॉर्कोल. ड्रिझल (उतरताच पाऊस आणणारी ॲबिलिटी) आणि ड्राउट (तसंच ऊन) म्हणजे काय, सहातून चार कसे निवडायचे, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. पुढचं सगळं रेग्युलेशन एच (स्पर्धांसाठीचा एक नियमसंच) डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, म्हणजे पॅराडॉक्स आणि लेजेंडरी दोन्ही बाद. ते चालत असतील तर हिशेब बदलतो. उन्हात प्रोटोसिंथेसिस (काही पॅराडॉक्सचा सर्वात वरचा गुण वाढवणारी ॲबिलिटी) चालू होतं आणि ते आपल्याबरोबर समोरच्याच्याही फ्लटर मेनसारख्या पॅराडॉक्सला लागू पडतं. आपण ऊन आणायचं आणि वेग त्याने घ्यायचा, असा प्रकार होतो.

आधी वाळू आणि बर्फ बाजूला करतो. टायरानिटार आणि एक्सकॅड्रिल ही जोडी जुनी आणि भरवशाची आहे, पण तिच्यात हवामानापेक्षा टायरानिटारच जास्त काम करतो. वाळू उडाली नाही तरी तो टीममध्ये चालतो. नवव्या पिढीत गारा गेल्या आणि बर्फ आला. आता दर टर्नला नुकसान होत नाही, उलट आइस टाइपचा डिफेन्स दीडपट होतो. अलोलाच्या नाइनटेल्सचं ऑरोरा व्हेल (बर्फात आपल्या बाजूला लागणारे फटके हलके करणारा पडदा) सुंदर आहे, पण ती टीम नव्याने शिकणाऱ्याला मी सुचवणार नाही. पडदा उतरला की मागे फारसं काही उरत नाही.

आता मुख्य जोडी. दोघांना हवामानाची ॲबिलिटी मिळाली ती २०१६ मध्ये, सन-मून या गेमांत. त्याआधी २०१३ च्या एक्स-वायपासून ॲबिलिटीने आलेलं हवामान पाच टर्नांवर आलं होतं. पूर्वी ते संपायचंच नाही. त्यामुळे आज हवामानाची टीम खेळणं म्हणजे मनात सतत टर्न मोजत राहणं आहे. हवामान लांबवणारा दगड दिला तर आठ टर्न मिळतात, पण डबल्सचा सामना बऱ्याचदा तेवढा चालतच नाही. मी पेलिपरला डॅम्प रॉक (पावसाचा दगड) देत नाही, फोकस सॅश (पूर्ण रक्त म्हणजे एचपी असताना एका फटक्यात पडू न देणारी वस्तू) देतो. पाणी आणि फ्लाइंग, म्हणजे विजेचा फटका चौपट. सॅश नसेल तर तो पहिल्याच टर्नला घरी जातो आणि मग आठ टर्न पाऊस पडून काय करायचं?

कागदावर पाहिलं तर उन्हाचं पारडं जड वाटतं. टॉर्कोलचा बेस स्पीड २०. दोन्ही बाजूंचे गडी एकदम मैदानात उतरले की वेगवानाची ॲबिलिटी आधी लागते आणि हळूची नंतर. नंतर लागलेलं हवामान टिकतं. पेलिपरचा स्पीड ६५, म्हणजे लीडला (सुरुवातीच्या जोडीत) समोरासमोर आले तर ऊनच पडणार. टायरानिटार ६१ वर आहे. त्याच्यासाठी पेलिपरला मुद्दाम हळू ठेवता येतं. टॉर्कोलपेक्षा हळू कोण होणार? पावसाच्या टीमची ही खरी अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. समोर टॉर्कोल दिसला की मी पेलिपर मागे ठेवतो. त्याला एकदा ऊन पाडू देतो, मग दुसऱ्या टर्नला पेलिपर आत आणतो. शेवटी आला त्याचं हवामान, आणि मोजणीही नव्याने सुरू. मध्ये एक टर्न जाते, हे खरं.

उन्हाची जी टीम सगळ्यांना मोहात पाडते ती म्हणजे टॉर्कोल आणि हिसुईची लिलिगंट. क्लोरोफिलमुळे उन्हात लिलिगंटचा वेग दुप्पट. ती आधी धावते, टॉर्कोलवर आफ्टर यू टाकते आणि तो महासंथ कासव लगेच आगीचं इरप्शन सोडतो. पूर्ण रक्त असताना इरप्शनची ताकद १५०, दोघांनाही लागते, वर उन्हाचा दीडपट. हे जमलं की पहिल्या टर्नलाच सामना संपल्यासारखा असतो. शोडाउन या ऑनलाइन सामन्यांच्या साइटच्या लॅडरवर याचा आनंद काही औरच, नाकारत नाही. मीही बरेच दिवस हीच टीम खेळलो.

ती सोडली ती एकाच त्रासामुळे. इरप्शनची ताकद उरलेल्या रक्ताच्या प्रमाणात घटते. निम्मं रक्त उरलं की ७५. साधारण ६३ टक्क्यांच्या खाली गेलं की हीट वेव्ह ही आगीची साधी मूव्हसुद्धा त्याच्यापेक्षा जोरात लागते. मग टॉर्कोलला धक्का न लागू देणं हेच टीमचं काम होऊन बसतं, आणि धक्का लावायला समोर बहुतेक वेळा इन्सिनेरोअर आणि रिलाबूम उभे असतात.

ती एक टर्न बघा. माझ्याकडे लिलिगंट-टॉर्कोल, समोर हे दोघे. मी आफ्टर यू आणि इरप्शन दाबतो. इन्सिनेरोअर लिलिगंटवर फेक आऊट (सगळ्यांच्या आधी बसून दचकवणारी मूव्ह) मारतो, ती दचकते, तिची टर्न गेली. आता टॉर्कोल सगळ्यांच्या शेवटी. त्याआधी रिलाबूमचं हाय हॉर्सपॉवर येतं. जमिनीचा फटका, टॉर्कोलला दुप्पट. डिफेन्स कितीही भक्कम असला तरी साधारण निम्मं रक्त जातं. मग इरप्शन सुटतं ते अर्ध्या ताकदीचं. इन्सिनेरोअर आगीचाच, त्याला फारसं काही होत नाही. असॉल्ट व्हेस्ट (स्पेशल हल्ले हलके करणारी वस्तू) घातलेला रिलाबूम पूर्ण इरप्शनला कोसळला असता, पण आता उभा राहतो. मुहूर्त गाठायचा आणि भटजी वाटेत अडकावेत तशी गत. दोघांनी मिळून एक काम करायचं आणि त्यातला एक अडला की दुसराही अडला.

यावर उपाय नाहीत असं नाही. पहिल्या टर्नला प्रोटेक्ट दाबता येतं, पण उन्हाच्या पाचातली एक टर्न त्यात जाते. फॅरिगिराफ घेतला तर त्याच्या आर्मर टेलमुळे फेक आऊट लागतच नाही, आणि ट्रिक रूममध्ये (जो हळू तो आधी) टॉर्कोल सगळ्यांच्या आधी. ही उन्हाची जास्त शहाणी आवृत्ती आहे असं माझं मत आहे. तरी ट्रिक रूम लावण्यात एक टर्न जाते आणि तेवढ्यात टॉर्कोलने मार खाल्ला की पुन्हा तेच रडगाणं. शिवाय समोर पेलिपर असेल तर तो वाइड गार्ड (दोघांनाही लागणारे हल्ले अडवणारी मूव्ह) लावतो. ऊन तुमचंच असलं तरी इरप्शन आणि हीट वेव्ह दोन्ही वाया.

पावसात मला जे सापडलं ते याच्या नेमकं उलट. माझ्या पावसाच्या टीममधल्या आर्चालुडॉनची स्टॅमिना ॲबिलिटी अशी की प्रत्येक फटक्यागणिक त्याचा डिफेन्स वाढतो. त्याचं इलेक्ट्रो शॉट एरवी एक टर्न चार्ज होतं, पावसात लगेच सुटतं आणि जाता जाता स्पेशल अटॅकही वाढवून ठेवतं. रक्त किती उरलंय याच्याशी त्याच्या ताकदीचा संबंध नाही. फेक आऊट त्याच्यावर बसलं तर त्याचीही टर्न जाते, ते टळत नाही. पण पुढच्या टर्नला तो पहिल्याइतक्याच ताकदीने मारतो आणि वर एक पायरी जाड झालेला असतो. बॉडी प्रेस दिलं असेल तर तो वाढलेला डिफेन्सच मारायच्या कामी येतो. मार खाऊनही गणित बिघडत नाही, हे एकदा अनुभवलं की परत टॉर्कोलला जपत बसायचा कंटाळा येतो.

पावसाची किरकिर वेगळी आहे. आर्चालुडॉनने इलेक्ट्रो शॉट दाबलं आणि त्याच टर्नला समोरच्याने टायरानिटार किंवा टॉर्कोल आत आणला, तर अदलाबदल आधी होते, पाऊस जातो आणि आर्चालुडॉन चार्ज करत उभा राहतो. हे टाळायला समोरच्याचा हवामानवाला कुठे आहे यावर लक्ष ठेवावं लागतं. अधिकृत स्पर्धांमध्ये टीमची यादी उघडी असते, त्यामुळे निदान धक्का बसत नाही. जमिनीचे टाइप विजेला दाद देत नाहीत, तेव्हा दुसरा मारेकरी हवाच. मी बास्क्युलिजन घेतो. स्विफ्ट स्विममुळे पावसात तो सुसाट, आणि त्याच्या लास्ट रिस्पेक्ट्सची ताकद प्रत्येक पडलेल्या साथीदारामागे ५० ने वाढते. तिघे पडले तर २००. बाजू हरत चालली असताना जोर वाढणारी मूव्ह टीममध्ये असली की माणूस शांतपणे खेळतो, निदान मी तरी. पेलिपर टेलविंडही लावतो, म्हणजे पाऊस गेला तरी वेग काही टर्न टिकतो. पेलिपरचं हरिकेन मात्र पाऊस नसताना दाबू नका, चुकायला बसलेलंच असतं. उन्हात तर निम्म्या वेळा.

मग घ्यायचं काय? रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास लॅडर खेळायचं असेल, सामने झटपट संपवायचे असतील आणि हरल्याचं फार वाटत नसेल, तर टॉर्कोल घ्या, मजा येईल. एका सामन्यापुरता समोरचा गोंधळतो आणि त्याचा तुम्हाला फायदा मिळतो. तीनपैकी दोन जिंकायच्या सामन्यात दुसऱ्या गेमला समोरचा फेक आऊट कुणावर मारायचं ते शिकून आलेला असतो. तिथे मला पाऊस सुसह्य वाटतो. माझ्यापेक्षा चांगले खेळाडू उन्हाने जिंकतात, तेव्हा हे सगळं माझ्या स्वभावापुरतं धरा.

ऊनच घेणार असाल तर टॉर्कोलच्या चौथ्या मूव्हमध्ये हीट वेव्ह ठेवा, इरप्शन असलं तरी. पाऊस घेणार असाल तर पेलिपरचं वाइड गार्ड काढून तिथे आणखी एखादी हल्ल्याची मूव्ह बसवायचा मोह टाळा. आणि इन्सिनेरोअर दोन्हीकडे घ्याच. समोर तर तो असणारच आहे.