कंपनीत येणारं रक्तदान शिबिर: सेवा उत्तम, पण ती मागून घ्यावी लागते

१४ जून, म्हणजे जागतिक रक्तदाता दिन, जवळ आला की भोसरी, चाकण, अंबड, बुटीबोरीच्या कंपन्यांमध्ये कॅन्टीनची टेबलं बाजूला सरतात आणि तिथे रक्तपेढीच्या खाटा लागतात. कंपनीला या सेवेचे पैसे पडत नाहीत. पिशव्या, सुया, डॉक्टर, तंत्रज्ञ, प्रमाणपत्रं सगळं पेढी आणते. आपण द्यायची ती हवेशीर जागा, न जाणारी वीज, हात धुवायला पाणी आणि नाश्ता. कामाच्या ठिकाणी समाजासाठी जे जे उपक्रम होतात त्यांत हा आम्हाला सगळ्यात सरस वाटतो. फक्त तो पिशव्यांच्या आकड्यावर मोजू नये. पिशवी कोणत्या महिन्यात भरली आणि पेढीत किती वाजता पोहोचली, यावर शिबिराचं मोल ठरतं.

पेढी निवडताना पहिला प्रश्न माणसांचा. तीन तासांत ५० ते ७० दाते घ्यायचे, तर ६ ते ८ खाटांना एक डॉक्टर, दोन नर्स आणि तीन तंत्रज्ञ लागतात. यापेक्षा कमी माणसांत दोनशे दाते उरकून देतो, असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. अशा घाईत सगळ्यात आधी दात्याची तपासणीच वरवरची होते.

तपासणीचं टेबल नीट बघा. बोटाला टोचून आलेला थेंब निळ्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात. पंधरा सेकंदांत तो तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे. तरंगला किंवा मधेच रेंगाळला तर दाता परत. पण हे द्रावण दर २५ थेंबांनंतर बदलायला हवं. सकाळची बाटली दुपारपर्यंत तशीच असेल तर तंत्रज्ञाला विचारा, त्यात संकोच नको. वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिली, ५५ च्या वर असेल तर ४५० मिली घेता येतं. दोन दानांमध्ये पुरुषांना ९० दिवस, स्त्रियांना १२० दिवस जायला हवेत.

खाटेशेजारी पिशवी हलवणारं यंत्र असतं. ते सतत डोलत राहायला हवं. ३५० मिलीच्या पिशवीत ४९ मिली गोठणरोधक द्रव आधीच भरलेला असतो आणि तो रक्तात मिसळला नाही तर गुठळ्या होतात. मग दात्यानं मनापासून दिलेली ती पिशवी फेकावी लागते. यंत्र नसेल तर नर्सनं हातानं हलवत राहायचं, आणि एका नर्सकडे तीन-चार खाटा असतात तेव्हा ते होत नाही.

आता घड्याळ. प्लेटलेट हव्या असतील तर रक्त काढल्यापासून साधारण ६ ते ८ तासांत घटक वेगळे करावे लागतात, आणि तोवर पिशवी २० ते २४ अंशांवर ठेवायची असते, बर्फात नाही. सकाळी नऊला भरलेली पहिली पिशवी संध्याकाळी सहाच्या नाशिक फाट्यावरच्या गर्दीत अडकली तर तिच्यातून प्लेटलेट मिळणार नाहीत. म्हणून पेढीला आधीच सांगा: दुपारी एकला एक खेप गाडीतून पाठवायची. चांगल्या पेढ्या हे मान्य करतात.

कारखान्यांत सगळ्यात जास्त चुकतं ते शिफ्टचं. रात्रपाळी करून न झोपता आलेल्या कामगाराला खाटेवर घेऊ नये. लांब पल्ल्याचे चालक, उंचीवर चढणारे, अंगमेहनतीचं काम करणारे यांनी पुढच्या पाळीच्या किमान २४ तास आधी रक्त द्यावं. म्हणजे त्यांचं शिबिर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, पाळी संपल्यावर. उपाशीपोटी कुणी नको. त्यामुळे एकादशी, संकष्टी, नवरात्र या तारखा टाळाव्यात. उपवासाच्या दिवशी चक्कर येऊन पडणारे दाते पुन्हा शिबिराकडे फिरकत नाहीत. रक्त देण्याआधी दोन पेले पाणी, नंतर पंधरा मिनिटं बसणं, आणि चहा-बिस्किटांचं टेबल बाहेर पडायच्या दारापाशी नाही, खाटांजवळ.

या सेवेत आम्हाला खटकणाऱ्या दोन गोष्टी आहेत. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्यांत महिला कर्मचारी बऱ्याच असतात, आणि त्यांच्या हाती काहीच दिलं जात नाही. आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि कंपनीच्या डॉक्टरांकडे पाठवणी, एवढं पेढीनं करावं. दुसरं, प्रश्नावली उघड्या हॉलमध्ये, एचआरच्या खुर्चीशेजारी भरून घेतात. आजार, औषधं, गोंदण, लैंगिक संबंध यांवरचे प्रश्न त्यात असतात. शेजारी साहेब बसलेला असताना माणूस खरं लिहीत नाही, आणि त्यातून धोका रुग्णाला होतो. पडदा किंवा वेगळी खोली मागून घ्या. एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया या पाचही तपासण्यांचे निकाल थेट दात्याला कळले पाहिजेत, कंपनीला नाही. हे आधी लेखी घ्या.

भेटवस्तू ठेवू नका. हेल्मेट किंवा बॅग मिळते म्हणून रांगेत उभा राहिलेला माणूस आपला आजार लपवू शकतो. विभागाविभागांत पिशव्यांची स्पर्धाही नको. साहेबानं आग्रह केला म्हणून दिलेलं रक्त ऐच्छिक राहत नाही.

राहिला महिना. एकाच दिवशी ३०० पिशव्या घेण्यापेक्षा ७५ ची चार शिबिरं कितीतरी उपयोगाची. प्लेटलेट ५ दिवस टिकतात, तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रवानुसार ३५ किंवा ४२ दिवस. कॉलेजं बंद असतात त्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पेढ्यांची कपाटं रिकामी होतात, पण थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. मेची तारीख मार्चमध्येच पेढीला कळवा, दिवाळीची गणपतीच्या आसपास. उरलेली शिबिरं पेढीलाच विचारून ठेवा. तुटवड्याचा आठवडा तिला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, आणि असं विचारणारी कंपनी तिला क्वचितच भेटते.