स्विस रेल्वेचा 'पास' आणि आमची फसगत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ग्रॅमपर्यंत जुळवणारा माणूस मी. आणि जवळपास पाच लाखांच्या व्यवहारात एक कागद वाचला नाही. तो कागद कोणता, ते सांगतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. लहानपणी आमची आगगाडी म्हणजे शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. चढावर पोरं उतरून बोरं वेचत आणि पुन्हा चढत असं लोक गमतीनं सांगतात. गंमत नाही, मी वेचलीत. ती गाडी बंद पडली, पण खिडकीशी बसायचा नाद काही सुटला नाही.

आईला अर्धांगवायू झाल्यावर सात वर्षं आमच्या हिनंच, माझ्या बायकोनं, तिचं सगळं अंथरुणात केलं. आई गेली, वर्षश्राद्ध झालं, मुलीचं लग्न झालं, आणि मग एका दुपारी ही ओट्यावर बसली ती उठेचना. म्हटलं, कुठं तरी जाऊ, चारधाम करू. ही म्हणाली, "मले कुठं चढाचं नाही, कुठं रांगेत उभं राहाचं नाही. खिडकीजवळ बसाचं हाय. अन् कोणी उठ म्हणू नये."

मग रेल्वेनं फिरायचं ठरलं, आणि एकदाच जायचं तर स्वित्झर्लंड. हा हट्ट माझा.

एजंट म्हणजे माझाच विद्यार्थी. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. दुकानात शिरताच पाया पडला, चहा मागवला, समोर बसलेल्यांना म्हणाला, "ह्या सरांनी मले पाढे शिकवले." एवढ्यावर मी अर्धा विकला गेलो होतो. दोघांचे मिळून ४ लाख ८० हजार, त्यावर टीसीएस, म्हणजे सरकारसाठी एजंटानं आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, तेव्हा ५ टक्के, असे २४ हजार वेगळे. त्यात विमान, व्हिसा, हॉटेलं, आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास, ग्लेशियर एक्सप्रेस ह्या डोंगरातल्या गाडीच्या राखीव जागा आणि त्याच पासावर युंगफ्राउच्या बर्फाळ डोंगरावर जाणं. "तिथं गेल्यावर खिशात हात घालाचं कामच नाही, सर."

हिनं पहिल्याच बैठकीत विचारलं, "बाबू, पक्कं बिल देशीन ना?" मी तिला डोळ्यानं दटावलं. आपलाच पोरगा, बिल काय मागतेस! त्यानं अडीच लाख रोख घेतले आणि साध्या पावत्या फाडून दिल्या. उरलेले फोन पेवर घेतले, तेही मेव्हण्याच्या खात्यावर, कारण म्हणे चालू खात्याची लिमिट संपली होती. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा सगळं पटत होतं.

सप्टेंबर २०२४. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान. झ्युरिकचं रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. तिकडे फलाटावर जायला फाटक नाही, तिकीट दाखवायचं नाही, सरळ गाडीत बसायचं. आमच्याकडे क्यूआर कोडवाला छापील कागद होताच. ल्युसर्नच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. हिनं चपला काढल्या, पाय वर घेतले, धपाट्यांचा डबा उघडला. मी दोघांचा फोटो काढून एजंटला पाठवला, "तुझ्यामुळे शक्य झालं."

झुग स्टेशन गेल्यावर तिकीट तपासनीस बाई आली. कागदावर यंत्र धरलं, मग आमच्याकडे पाहिलं. "अँड द टिकेट?" मी म्हटलं, हेच तिकीट, हा पास. तिनं कागदाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं ठळक अक्षरात लिहिलं होतं: स्विस हाफ फेअर कार्ड.

दोन महिने तो कागद माझ्या कपाटात होता. व्हिसाच्या फायलीत मीच लावला होता. हाफ म्हणजे अर्धा आणि फेअर म्हणजे भाडं, हे मी सातवीच्या पोरांना शिकवलेलं.

ह्या दोन गोष्टींतला फरक नीट समजून घ्या, कारण फसवणूक नेमकी इथंच होते. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ठरलेले दिवस बहुतेक गाड्या, बस आणि बोटींत नुसतं बसायचं. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं, पण ते तिकीट नव्हे. त्यानं भाडं अर्ध्यापर्यंत कमी होतं आणि ते तिकीट प्रत्येक वेळी आपणच काढायचं असतं. त्या वर्षी दुसऱ्या वर्गाचा आठ दिवसांचा पास ४१९ फ्रँकला होता आणि कार्ड १२० फ्रँकला. दोन माणसांमागे फरक ५९८ फ्रँकचा. फ्रँक तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास होता, हिशेब तुम्हीच करा. दोन्ही कागदांवर क्यूआर कोड आणि आपलं नाव. आणि फाटक नसल्यामुळे चूक कळते ती गाडी सुटल्यावर.

बाई वाईट नव्हती. आवाज चढवला नाही, आम्हाला उतरवलंही नाही. पण तिकिटाचे पैसे आणि दंड मिळून दोघांचे जवळपास दोनशे फ्रँक गेले. हिला इंग्रजी समजत नाही, पण माझा चेहरा समजतो. तिनं डब्याला झाकण लावलं आणि पाय खाली घेतले. पुढचं सरोवर दोघांनीही पाहिलं नाही.

पुण्याहून मुलीनं फोनवर सगळे कागद पाहिले, तेव्हा बाकीची पोती उघडली. युंगफ्राउचं तर खरा पास असता तरी फुकट नव्हतं. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, वर फक्त सवलत मिळते. म्हणजे त्यानं विकलेली ती गोष्ट मुळात अस्तित्वातच नव्हती. आम्ही वर गेलो नाही. ग्लेशियर एक्सप्रेसला भाड्याशिवाय जागेचं आरक्षण वेगळं आणि सक्तीचं असतं, ते केलेलंच नव्हतं. इंटरलाकेनच्या हॉटेलातली मुलगी म्हणाली, तुमचं बुकिंग जुलैमध्येच रद्द झालंय. जुलैमध्ये आमचा व्हिसा आला होता. व्हिसापुरतं रद्द करता येणारं बुकिंग दाखवायचं आणि शिक्का पडला की काढून घ्यायचं, असा हा धंदा. त्या रात्री आम्ही दुप्पट भाव देऊन झोपलो. खरं तर झोपलोच नाही.

एजंटला फोन केला. "सर, वरच्या कंपनीनं मलेच फसवलं. तुमी भरून टाका, आल्यावर हिशोब करू." दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

तरी एक दिवस चांगला गेला, तो लपवत नाही. झरमॅटला तिकीट खिडकीवरच्या माणसानं सांगितलं की ग्लेशियर एक्सप्रेसच्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही जातात, आरक्षण लागत नाही. गाड्या बदलत जायचं, ब्रिग, आंडरमाट, डिसेंटिस आणि मग कूर. कार्डावर अर्ध्या भाड्यात तिकिटं काढली. त्या महागड्या गाडीच्या काचा उघडत नाहीत, आमच्या डब्याची खिडकी उघडत होती. ओबेराल्प घाटात, २०३३ मीटरवर, हिनं तोंड बाहेर काढलं. मग मला म्हणाली, "शकुंतलेसारखी हाय हो!" बोरं तेवढी नव्हती.

परत आल्यावर दुकानात गेलो. पाया पडला, पण ह्या वेळी चहा नाही. दोन महिने "पुढच्या सोमवारी" ऐकलं. गावात कोणाला सांगायची लाज वाटत होती. जो तो विचारी, "गुरुजी, बर्फ पाहिला का?" मी हो म्हणायचो. पुढच्या उन्हाळ्यात रिटर्न भरताना सीएच्या पोराला म्हटलं, टीसीएसचे २४ हजार वळते कर. त्यानं माझं २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी तक्ता, उघडलं, तिथं एक रुपयाही नव्हता. परदेशी सहलीवर एजंटानं घेतलेला टीसीएस आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा, आणि तो रिटर्नमध्ये परत मागता येतो. आमच्याकडून पॅनची झेरॉक्स घेतली होती, ती निव्वळ देखावा. तुम्ही कोणाला टीसीएस दिला असेल तर आजच २६एएस बघा, उन्हाळ्याची वाट पाहू नका.

हे कळलं तेव्हा माझी लाज संपली. नोटीस पाठवली आणि यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. कारकुनानं पहिला प्रश्न विचारला, बिल कुठंय? मी गप्प. हिनं पिशवीतून पार्ले बिस्किटाचा डबा काढला. त्यात सगळ्या साध्या पावत्या तारखेवार लावलेल्या होत्या, फोन पेच्या पानांच्या झेरॉक्स होत्या आणि तपासनीस बाईनं दिलेली दंडाची चिठ्ठी होती. कधी जमवलं हे सगळं, मला पत्ता नाही. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

तारखा सुरू आहेत. त्याचा वकील म्हणतो, ग्राहकानं कागद वाचून घ्यायला हवा होता. खरंच आहे, पण कागदावर हाफ लिहिलंय म्हणून पैसे पुरे घ्यायचे नसतात.

हे आता लिहितोय ते एका फ्लेक्समुळे. दिवाळीच्या आधी एसटी स्टँडसमोर लागलाय. मागे बर्फाचे डोंगर, वर "विश्वासाचं दुसरं नाव" आणि मधोमध आम्ही दोघं. ही पाय वर घेऊन बसलेली, मांडीवर धपाट्यांचा डबा, मी हसतोय. दोन दिवसांत तिघांनी फोन करून विचारलं, "गुरुजी, बुकिंग करू का?" तो फोटो मीच पाठवला होता. त्यानंतर चाळीस मिनिटांनी तपासनीस बाई आली.