मॅडव्हिलनी : आठ महिने, डोंबिवली ते दादर

गेल्या ऑक्टोबरात मामेभावाने 'मॅडव्हिलनी' हा हिप-हॉपचा अल्बम पाठवला आणि सोबत एवढंच लिहिलं, "दादा, मधे थांबवू नकोस." मी चौथ्या गाण्याला थांबवला. चौथ्या गाण्यात गाणंच नव्हतं. हॉटेलचा मालक दारात उभा राहून गिऱ्हाइकांचं स्वागत करतो तसा एक माणूस नुसता बोलत होता. त्याआधीची दोन गाणी दोन-दोन मिनिटांत संपलेली, मुखडा कुठेच नाही, आणि आवाज झोपेतून उठल्यासारखा जड. मी भावाला कळवलं की आपल्याला काही हे जमत नाही.

आज जून संपत आलाय. मधल्या काळात हा अल्बम मी दीडशेच्या वर वेळा ऐकला असेन. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीहून दादर यायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढीच याची लांबी आहे : ४६ मिनिटं, २२ तुकडे. हिशेब असा जुळला म्हणूनच तो टिकला, नाहीतर मी परत त्याच्या वाटेला गेलो नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅडव्हिलन ही दोघांची जोडी. मॅडलिब हा कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा, बीट, म्हणजे शब्दांखालचं संगीत, त्याचे. एमएफ डूम लंडनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला वाढलेला. शब्द आणि आवाज त्याचे. लॉस एंजेलिसच्या स्टोन्स थ्रो या छोट्या कंपनीने २३ मार्च २००४ ला अल्बम काढला. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या पहिल्या २०० अल्बमांच्या यादीत तो १७९ च्या वर चढला नाही. तरीही आज भूमिगत हिप-हॉपचा विषय निघाला की पहिल्या पाचात त्याचं नाव येतंच.

पहिला महिना माझी तक्रार एकच होती : गाणी अर्धवट आहेत. आपला कान ध्रुवपदावर वाढलेला. कडवं संपलं की ओळखीची ओळ परत येणार, तिथे आपण मान डोलावणार. इथे ती परत येतच नाही. डूम सुरू होतो, सलग बोलत जातो, आणि अजून काही सांगायचंय असं वाटत असतानाच बीट तुटतो. मला तो आळस वाटला होता. दुसऱ्या महिन्यात कधीतरी कळलं की ध्रुवपद नसल्यामुळेच मी प्रत्येक ओळ ऐकायला लागलोय. विसावा घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

मग यमकांकडे लक्ष गेलं, आणि खरा आनंद तिथे आहे. डूम ओळीच्या शेवटचं एक अक्षर जुळवून थांबत नाही. तीन-चार अक्षरांचा अख्खा तुकडा पुढच्या ओळीतल्या दुसऱ्याच शब्दांशी जुळतो, कधी ओळीच्या मधोमध, आणि बोलण्याची चाल मात्र कट्ट्यावर गप्पा मारल्यासारखी. आमचे शाळेतले मराठीचे सर वामनपंडितांना 'यमक्या वामन' का म्हणत ते सांगायचे. ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण मोरोपंतांनी लिहिलं, ते त्यांनी आम्हाला ओठांवर बोट ठेवून वाचायला लावलं होतं. या अल्बममधलं 'फिगारो' पहिल्यांदा शब्द समोर ठेवून ऐकलं तेव्हा मला तो तास आठवला. भाषेला एवढं वाकवायचं आणि तरी ती मोडू द्यायची नाही, ही हौस सगळीकडे सारखीच असते.

घरच्यांची गोष्ट वेगळी. आईला रॅप म्हणजे भांडण वाटतं. एका रविवारी स्पीकरवर 'अकॉर्डियन' लागलं आणि तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "पेटी कोण वाजवतंय रे?" तो अकॉर्डियनचा सूर मॅडलिबने डेडलस नावाच्या संगीतकाराच्या तुकड्यातून घेतलाय, आणि गाणंभर जवळजवळ तोच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत राहतो. पेटीचा भाता हलतो तसा. आईला शब्द एकही कळला नाही, पण गाणं तिने पूर्ण ऐकलं. मग मी तिला बारावं गाणं लावून दिलं, 'शॅडोज ऑफ टुमॉरो'. त्याचा बीट आर. डी. बर्मनच्या 'हिंदू हूँ मैं ना मुसलमान हूँ' वर उभा आहे. हे सांगितल्यावर ती हात पुसत बाहेर आली. "पंचमचं? अमेरिकेत?" तिने ते तीनदा लावायला लावलं. मॅडलिबचं हे वेड एका गाण्यापुरतं नाही. २००७ मध्ये त्याने 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा आपल्या सिनेसंगीताच्या तुकड्यांवर रचलेला अख्खा अल्बमच काढला. आपल्या आईवडिलांच्या काळातल्या रेकॉर्डी तिकडे कुणीतरी इतक्या प्रेमाने धुंडाळत होतं हे ऐकून मला भरून आलं होतं, आणि अजूनही येतं.

बाराव्या गाण्यातला तो चिरका, कार्टूनसारखा आवाज क्वासिमोटोचा, म्हणजे मॅडलिबचाच. संगीत संथ करून त्यावर बोलायचं आणि मग सगळं मूळ वेगाला आणायचं, की आवाज वर चढतो. आणि चौथ्या तुकड्यातला तो हॉटेलवाला पाहुणे म्हणून ज्यांची नावं घेतो ती याच दोघांची टोपणनावं आहेत, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. ज्या जागी मी अल्बम बंद केला होता तिथेच घराची किल्ली टांगलेली होती.

हे बीट कसे झाले ते वाचल्यावर ऐकणं बदललं. २००२ मध्ये मॅडलिब ब्राझीलला गेला होता. साओ पाउलोतल्या हॉटेलच्या खोलीत एक हाती नेता येणारा रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि बॉसचा एसपी-३०३ हा लहानसा सॅम्पलर (रेकॉर्डींतले तुकडे कापून पुन्हा वाजवणारं यंत्र) एवढ्यावर त्याने यातले बरेच बीट बनवले, तिथेच विकत घेतलेल्या रेकॉर्डींतून. शेवटच्या 'राइनस्टोन काउबॉय' मध्ये मारिया बेथानियाचं गाणं आहे, 'कर्ल्स' मध्ये वाल्दिर काल्मोनचं. आवाज दबका, धुळकट वाटतो म्हणून मी आधी हेडफोनला दोष देत होतो. दोष हेडफोनचा नाही. ती त्या खोलीची हवा आहे.

याच सुमारास कच्चा अल्बम चोरीला जाऊन इंटरनेटवर फुटला, प्रकाशनाच्या वर्षभराहूनही आधी. दोघांनी वैतागून काम बाजूला ठेवलं आणि आपापल्या दुसऱ्या कामांना लागले. परतल्यावर डूमने आपला बराचसा भाग नव्याने म्हटला, अधिक खालच्या आवाजात, अधिक सावकाश. कच्चं रूप ज्यांच्या कानात बसलं होतं त्यातल्या काहींना हा नवा आवाज निर्जीव वाटला. मी दोन्ही ऐकलीत. कच्च्या रूपात जोर आहे, तरुण माणूस मैदान मारायला निघालाय असा. पण मॅडलिबच्या त्या धुळकट बीटवर जोर उपरा वाटतो. खालच्या आवाजातला डूम त्या बीटच्या आत बसून बोलतो. माझं मत पक्कं आहे, तो जोर गाळणं योग्यच होतं.

ऑफिसात एक सहकारी तबला शिकतो. त्याचं म्हणणं, "हा माणूस समेवर येतच नाही." मग आम्ही जेवणाच्या सुट्टीत 'मीट ग्राइंडर' बोटांवर मोजलं. येतो, पण वाक्य समेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे संपवतो आणि पुढचं वाक्य मधूनच उचलतो. त्याला पटलं, तरी आवडलं नाही. मुंबईच्या गल्ली रॅपवर वाढलेल्या माझ्या धाकट्या मित्राला यात राग सापडला नाही, म्हणून त्याने सोडून दिलं. मला त्याचं चूक वाटत नाही. राग इथे आहे, पण मुखवट्यामागे आहे.

त्या मुखवट्याबद्दल थोडं. १९९३ मध्ये डूमचा धाकटा भाऊ सबरॉक मोटारीखाली गेला. दोघांचा केएमडी हा गट होता. पुढच्याच वर्षी त्यांचा तयार असलेला दुसरा अल्बम कंपनीने मुखपृष्ठावरून वाद होईल म्हणून काढलाच नाही. माणूस काही वर्षं दिसेनासा झाला. परतला तो मुखवट्याने चेहरा झाकून, कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमचं नाव घेऊन. हे कळल्यानंतर 'अकॉर्डियन' पूर्वीसारखं ऐकता आलं नाही. सरत्या काळाबद्दलची ती सुरुवात मी नुसती खेळकर समजत होतो.

न पटलेलंही सांगतो. गांजावरचं सहावं गाणं मला लांबतं; त्यातली कापाकापी कौशल्याची असली तरी दहाव्यांदा ऐकताना हात पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो. 'रेनबोज' मध्ये डूम सूर लावू पाहतो, ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. बायकांबद्दलच्या काही ओळी खटकतात आणि खटकायलाच हव्यात. अमेरिकेतल्या जुन्या जाहिराती आणि टीव्ही मालिकांचे संदर्भ तर निम्मे डोक्यावरून जातात. शब्दांचे अर्थ शोधत बसावं लागतं, आणि ज्याला कामावरून येताना नुसतं मन हलकं करायचंय त्याने हा अल्बम त्या वेळी लावू नये. फोनच्या स्पीकरवर तर कधीच नाही, खालचा ठेका पूर्ण गायब होतो.

'ऑल कॅप्स' मध्ये डूम बजावतो की माझं नाव लिहाल तर सगळी अक्षरं मोठी लिहा. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. हे लिहिताना मला त्याची रुखरुख लागलीय.

सहाव्या महिन्यात, ठाणे सुटल्यावर, 'फॅन्सी क्लाउन' लागलं. प्रेयसीने फसवलं म्हणून एक माणूस तिच्यावर आणि तिच्या नव्या माणसावर चिडलाय. शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी लक्षात आलं की बोलणारा व्हिक्टर व्हॉन आहे, म्हणजे डूमचंच दुसरं नाव, आणि ती ज्याच्यासोबत गेली तो मुखवटेवाला म्हणजे डूम. एकाच माणसाने स्वतःचीच प्रेयसी पळवली आहे आणि स्वतःलाच शिव्या घालतोय. मी गर्दीत मोठ्याने हसलो. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय झालं हो?" सांगायला सुरुवात केली, पण घाटकोपर आलं आणि ते उतरले.

डूम ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला. घरच्यांनी ते दोन महिन्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी जाहीर केलं. मी तोवर त्याचं नावही ऐकलं नव्हतं. भावाला काल सांगितलं की आता अल्बम मधे थांबवत नाही. तो म्हणाला, "मग आता रिकामा बीट ऐक, शब्दांशिवाय." उद्यापासून ते.