४५ च्या दोन तबकड्या की ३३ ची एक?

एखाद्या जुन्या अल्बमच्या मर्यादित विनाइल आवृत्तीची घोषणा होते तेव्हा घ्यायची की नाही, हे बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं. अडतं ते कोणती घ्यायची यावर. अल्बम तोच, मूळ टेप तीच, कित्येकदा लॅकर (ज्यावरून तबकड्यांचे साचे बनतात ती पहिली तबकडी) कापणारा माणूसही तोच. समोर मात्र दोन पर्याय असतात: मिनिटाला ३३ फेऱ्यांची एक तबकडी, नाहीतर ४५ फेऱ्यांच्या दोन. ४५ वालीला जाड पुठ्ठ्याचं जॅकेट, त्यावर छापलेला क्रमांक आणि अर्थातच चढी किंमत. (तो क्रमांक जॅकेटचा असतो, तबकडीचा नव्हे. कमी क्रमांक म्हणजे आधीची प्रेसिंग असं समजून धावाधाव करू नका.) मी दोन्हींवर पैसे घालून बसलोय, म्हणून लिहितोय.

४५ च्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं खूप आहे. वेग पस्तीस टक्क्यांनी जास्त, म्हणजे तेवढ्याच क्षणात सुईखालून तेवढी जास्त लांब खाच सरकते. बारा इंची तबकडीच्या कडेला ३३ वर सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती २१ वर येते. संगीत तेवढंच आणि जागा निम्म्याहून कमी, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा चिरकतात, ‘स’ आणि ‘श’ फिसकटतात. ४५ वर मुळात वेग जास्त, वर बाजू छोटी असल्याने सुईला लेबलपर्यंत जावंच लागत नाही. माझ्याकडे एका जॅझ अल्बमच्या दोन्ही आवृत्त्या होत्या. ३३ वर बाजूच्या शेवटी झांज नुसती ‘छ्स्स’ करायची. ४५ वर काठी पितळेवर कुठे पडली, कडेला की मध्ये, हेसुद्धा कळायचं. हे मी कशानेही मोजलेलं नाही, पण पहिल्या रात्री आमच्या घरात याबद्दल मतभेद नव्हता.

मग अडलं कुठे? उठण्यात.

माझं टर्नटेबल बेल्टवालं आहे. वेग बदलायचा तर मॅट काढा, प्लॅटर (फिरणारी थाळी) उचला, बेल्ट पुलीच्या एका खाचेतून दुसरीत सरकवा आणि बोटांचं तेल रबराला लागणार नाही हेही बघा. हे एकदाच करायचं, म्हणून सोडून देऊ. (बेल्ट परत सरकवायला विसरून पुढची रेकॉर्ड ४५ वर लावली की भारदस्त आवाजाची गायिका शाळकरी मुलगी होते, तेही सोडून देऊ.) खरा वैताग पुढे. पाय वर घेऊन बसावं, दुसरं गाणं रंगात यावं आणि अकराव्या मिनिटाला सुई लेबलाशी टक् टक् करू लागावी. उठा, पलटा, ब्रश फिरवा, सुई टेका, बसा. एका अल्बमला तीनदा.

माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू तीन रचनांची, जवळपास पंचवीस मिनिटांची आहे. ४५ च्या एका बाजूवर ती मावतच नाही, तोडावीच लागते. बाजू कुठे संपवायची हा अल्बमच्या मांडणीचाच भाग असतो. ४५ वर तो तुकडा कुठे पाडायचा हे संगीत ठरवत नाही, जागा ठरवते.

सहा महिन्यांनी त्या जॅझ अल्बमची दुसरी तबकडी काही कारणाने बाहेर काढली. कागदी पाकीट स्थिर विजेने तिला चिकटलेलं, भोकाभोवती स्पिंडल घासल्याचा एकही ओरखडा नाही, खाचांत पाकिटाचा बारीक कागदी भुसा. म्हणजे सहा महिने मी अर्धाच अल्बम ऐकत होतो. शेवटी ४५ वाली एका मित्राला देऊन टाकली. तो अजून खूश आहे, हेही सांगायला हवं.

मी एकटाच आळशी आहे असंही नाही. ब्लू नोट या जॅझ कंपनीचे जुने अल्बम म्युझिक मॅटर्स या रीइश्यू (जुने अल्बम पुन्हा काढणाऱ्या) कंपनीने आधी ४५ वर, दोन-दोन तबकड्यांत काढले आणि नंतर त्यांनीच ३३ कडे मोर्चा वळवला. त्या कामातले जो हार्ली आणि लॅकर कापणारे केव्हिन ग्रे पुढे २०१९ पासून ब्लू नोटच्या टोन पोएट मालिकेत आले. तिथे बहुतेक सगळं ३३ वरच आहे, आणि शेवटच्या गाण्यांबद्दल माझी तरी तक्रार नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड नंतर पुन्हा छापल्या गेल्या, त्यामुळे पहिल्याच तासात प्री-ऑर्डर करण्याची घाई थोडी कमी होते.

वेगापेक्षा जास्त लक्ष घोषणेतल्या शब्दांवर द्या. नुसतं ‘मूळ टेपवरून’ लिहिलं असेल तर मध्ये डिजिटल पायरी आहे की नाही हे त्यातून कळत नाही. २०२२ मध्ये एका नामांकित रीइश्यू कंपनीच्या बाबतीत हे चांगलंच गाजलं होतं. ‘वन-स्टेप’ म्हटलं असेल तर लॅकरवरून फादर आणि मदर हे मधले साचे न बनवता थेट स्टॅम्पर, म्हणजे तबकड्या छापणारा साचा बनतो. तो झिजला की नवा लॅकर कापावा लागतो, तेव्हा संख्या मर्यादित असण्याला तिथे निदान खरं कारण असतं.

तुमची सुई साधी शंकूच्या टोकाची असेल आणि शेवटची गाणी कायम फिसकटत असतील, तर ४५ चा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जाणवेल. मी मात्र तेच पैसे आधी बारीक टोकाच्या सुईवर घातले असते. तिने कपाटातल्या सगळ्याच रेकॉर्ड सुधारतात. ज्यांना मुद्दाम बसून एकच रचना ऐकायची असते, त्यांचंही गणित वेगळं. राव्हेलचं ‘बोलेरो’ घ्या: साधारण पंधरा मिनिटं, सुरुवात कुजबुजत, आणि सगळा दणका शेवटी, म्हणजे ३३ वर नेमका जिथे सुईखालून सगळ्यात कमी खाच सरकते तिथे. ते ४५ वर एका बाजूत कुणी नीट कापून काढलं, तर बेल्ट सरकवायला मी तयार आहे.